‘तकिया’ म्हणणाऱ्यांना, आणि ‘मुनाफिक’ म्हणणाऱ्यांनाही

मराठी घरात तक्क्या म्हणजे टेकायची उशी. लग्नाच्या बैठकीला आपण लोड-तक्के मांडतो. फकिराच्या मुक्कामाच्या जागेलाही जुने लोक तकिया म्हणत आले. गेल्या काही वर्षांत मोबाईलवर तिसराच ‘तकिया’ आला आहे. त्याच्या आधी ‘अल’ लावतात, म्हणजे शब्द भारदस्त वाटतो. ‘अल-तकिया’चा अर्थ असा सांगितला जातो: मुसलमानाला त्याच्या धर्मानेच खोटं बोलायची मुभा दिली आहे, तेव्हा तो गोड बोलला, शांततेचं बोलला, देशाचं बोलला, तरी त्यावर विश्वास ठेवू नका.

अरबीत हे दोन वेगळे शब्द आहेत. उशीच्या शब्दातला ‘क’ काफचा, आरोपाच्या शब्दातला क़ाफचा. दोघांचे धातूही वेगळे. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आपल्यावर आरोप करणारा माणूस अनेकदा शब्दशः ‘उशी’ एवढंच लिहीत असतो. हसून सोडून द्यावं असंच हे आहे. पण ज्यांच्या नावापुढे तो शब्द लिहिला जातो त्या पोरांना हसू येत नाही, म्हणून त्यावर लिहायला बसलो.

22 एप्रिल 2025 रोजी पहलगाममध्ये अतिरेक्यांनी 26 माणसं मारली. त्यात महाराष्ट्रातले सहा जण होते, आणि पर्यटकांना वाचवायला गेलेला घोडेवाला आदिल हुसेन शाहही होता. आमच्या दोडामार्गातल्या एका मुलाने गावच्या ग्रुपवर मनापासून चार ओळींचा निषेध लिहिला. पहिलं उत्तर आलं ते दोन शब्दांचं: ‘अल तकिया’. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तेव्हापासून तो त्या ग्रुपवर काही लिहीत नाही. मी विचारलं तर म्हणाला, “काय्यय बोला, ते खोटाच धरतत. मगे गप रवलेला बरा.”

आता तो गप्प आहे, आणि तेच लोक विचारतात, “तुमचे लोक अशा वेळी गप्प का असतात?”

शब्द मुळात कशाचा आहे

तकिय्या हा शब्द ज्या धातूपासून येतो त्याचा अर्थ राखणं, जपणं, बचाव करणं असा आहे. ‘तकवा’ हा आपल्या घराघरात ऐकू येणारा शब्द त्याच धातूचा. अल्लाहचं भान ठेवून वाईटापासून स्वतःला राखणं म्हणजे तकवा; जुलूम करणाऱ्यापासून जीव राखण्यासाठी श्रद्धा लपवणं म्हणजे तकिय्या. फसवणं हा अर्थ त्या धातूत नाही.

कुराणात हा विषय मुख्यतः दोन ठिकाणी येतो, सूरह आले-इमरानच्या 28 व्या आयतीत आणि सूरह नहलच्या 106 व्या आयतीत. दुसऱ्या आयतीचा संदर्भ मुफस्सिर सहसा अम्मार बिन यासिर यांच्याशी जोडतात. मक्केत नव्याने मुसलमान झालेलं हे गरीब कुटुंब. आई सुमय्या आणि वडील यासिर यांचा छळ करून त्यांना मारलं गेलं. अम्मार यांच्याकडून त्याच छळात श्रद्धेविरुद्धचे शब्द वदवून घेतले गेले. ते रडत पैगंबरांकडे आले. ज्याच्यावर बळजबरी झाली आणि ज्याचं मन श्रद्धेवर स्थिर आहे, त्याच्यावर दोष नाही, असा त्या आयतीचा आशय आहे.

म्हणजे या शब्दाच्या मुळाशी एक पोरका झालेला, मार खाल्लेला माणूस आहे. ही जुलमातून मिळालेली सवलत आहे. सवलत घेतली नाही तर पाप नाही, उलट सोसणाऱ्याचा दर्जा मोठा मानला गेला. तापलेल्या वाळूवर छातीवर धोंडा असताना एकाच अल्लाहचं नाव घेत राहिलेले बिलाल म्हणून तर आपल्याला लहानपणापासून माहीत असतात.

तकिय्याचा सविस्तर विचार झाला तो मुख्यतः शिया परंपरेत, कारण उमय्यद आणि अब्बासी सत्तेखाली शिया म्हणून ओळखलं जाणं अनेकदा जिवावर बेतत होतं. जीव जात असेल तर तो वाचवणं कर्तव्यच आहे, असंही त्यांच्या काही विद्वानांनी म्हटलं. आम्ही कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई सुन्नी. आमच्या घरांत रोजा, जकात, तकवा हे शब्द रोजचे. ‘तकिय्या’ बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकला तो मोबाईलवर, आरोप म्हणून.

आणि शियांबद्दलही हे म्हणणं टिकत नाही. खोटं बोलून वेळ मारून नेणं हा त्यांचा धर्म असता तर इमाम हुसेन यांनी यझीदच्या नावाने तोंडदेखली निष्ठेची शपथ घेतली असती आणि सन 680 मध्ये करबला घडलंच नसतं. ज्या परंपरेचा सगळा शोक एका नकाराभोवती उभा आहे, तिला लबाडीची परंपरा म्हणायला फार मोठं अज्ञान लागतं. महाराष्ट्रात मोहरमच्या ताबुतांना पिढ्यान्‌पिढ्या हिंदू शेजारी खांदा देत आले. हुसेन यांना काय मानायचं हे त्यांना कुठल्या फॉरवर्डने शिकवावं लागलं नाही.

हा आरोप आला कुठून

मराठी गावात हा शब्द मराठी अनुभवातून आलेला नाही. सप्टेंबर 2001 नंतर अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या मुस्लिमविरोधी पुस्तकांत, भाषणांत तो खेळवला गेला. 2015 साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीतले बेन कार्सन यांनी एका मुलाखतीत तकिय्याचा उल्लेख करून, हेतू साधण्यासाठी खोटं बोलायची त्यात मुभा आहे असं सांगितलं. तिथून इंग्रजी, मग हिंदी, मग आमच्या तालुक्याचा ग्रुप. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी निदान शिवी तरी इथली शोधायची होती.

आरोपाचा साचाही त्यांचा नाही. युरोपात ज्यूंबद्दल हेच म्हटलं जायचं. योम किप्पूरच्या संध्याकाळी म्हटल्या जाणाऱ्या ‘कोल निद्रे’ या प्रार्थनेचा आधार घेऊन सांगितलं जायचं, की ज्यूच्या शपथेला किंमत नाही, त्याचा धर्मच त्याला शपथ मोडू देतो. पुढे त्या समाजाचं काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. याच कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे बेने इस्रायल शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवत राहिले. त्यांच्या शब्दावर कोकणी माणसाने व्यवहार केला, आणि शपथ खरी की खोटी हे धर्म पाहून ठरवलं नाही.

सीमेपलीकडचं गाव

श्रद्धा लपवण्याचा इतिहास वाचायला दोडामार्गातल्या माणसाला अरबस्तानात जायची गरज नाही. सीमा ओलांडली की डिचोली तालुका. तिथल्या नार्वे गावात सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. हा देव मूळचा दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीज राजवटीत तिथलं देऊळ पाडलं गेलं आणि देव नार्व्याला आला. 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. मंगेशीचा देवही असाच कुशस्थळीहून प्रियोळला आणलेला. ज्यांनी मूर्ती हलवल्या त्यांनी पोर्तुगीज अधिकाऱ्याला आधी खरं सांगून परवानगी मागितली असेल का? त्यांना कोणी लबाड म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं. मधली काही वर्षं सोडली तर ते 1812 पर्यंत चाललं. इन्क्विझिशनचा प्रश्न एकच होता: बाहेरून ख्रिस्ती झालेला हा माणूस आतून कोण आहे? सुरुवातीला रोख होता ज्यू वंशाच्या ख्रिस्त्यांवर. वैद्यकावरचा प्रसिद्ध ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापणारा गार्सिया द ओर्ता 1568 मध्ये मेला; तो आतून ज्यू होता असं ठरवून 1580 मध्ये त्याचे अवशेष उकरून जाळले. मग पाळी आली हिंदूंतून बाटलेल्यांची. 1736 च्या फर्मानात ज्या गोष्टींवर बंदी घातली त्यांत दारात तुळस लावणं, धोतर नेसणं, इतकंच काय, मिठाशिवाय भात शिजवणं हेही होतं. मनातला धर्म पकडायला निघालेली सत्ता शेवटी चुलीवरच्या भातापर्यंत पोचली.

याच इन्क्विझिशनचं मूळ स्पेन-पोर्तुगालात होतं. तिथल्या बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांना 1504 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या ओरानशी जोडलेल्या एका मुफ्तीने फतवा पाठवला, की भीतीपोटी बाहेरून काहीही करावं लागलं तरी मनातली श्रद्धा धरून ठेवा, नमाज खुणेने पढा. तो माणूस सुन्नी मालिकी होता. पुढे 1609 ते 1614 या काळात त्या लोकांच्या वंशजांनाही स्पेनमधून हाकललं गेलं, कारण शंभर वर्षं ख्रिस्ती राहूनही त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हतं.

ओरानचा फतवा वाचणारा मोरिस्को आणि मिठाशिवाय भात शिजवणारी गोव्याची बाई, दोघं एकाच भीतीत जगले. 1928 मध्ये मसूरकर महाराजांच्या पुढाकाराने गोव्यातले हजारो गावडे पुन्हा हिंदू झाले. पिढ्यान्‌पिढ्या नाव ख्रिस्ती असताना त्यांनी जुन्या चालीरीती जपल्या होत्या. त्या चिकाटीचं कौतुक होतं, आणि ते रास्त आहे. मग तीच गोष्ट अम्मारने केली, तर तिचं नाव लबाडी कसं पडतं?

आग्र्याची सुटका तर शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. 1666 मध्ये महाराजांनी आजारपणाचं निमित्त केलं, मिठाईचे पेटारे पाठवायला सुरुवात केली आणि औरंगजेबाच्या पहाऱ्यातून निसटले. मीही तो धडा अभिमानाने वाचला. कैदेतल्या माणसावर पहारेकऱ्याला खरं सांगायचं बंधन नसतं, हे कुठल्याही मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपला कायदाही हे जाणतो. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे धाकाने मिळवलेली संमती खरी संमती नसते. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. भीतीत बोललेल्या शब्दाची किंमत वेगळी धरायची, एवढंच तकिय्याचं मूळ तत्त्व आहे.

“पण अतिरेकी खोटं बोलतातच ना?” बोलतात. सोंग घेतात, ओळख लपवतात. चोर बोलतो, हेर बोलतो, बँक बुडवणारा संचालकही ठेवीदारांपुढे हसत बोलतो. त्यातल्या कोणालाही आयतीची परवानगी लागत नाही. पहलगामच्या खुन्यांच्या पापाला तकिय्या म्हणणं म्हणजे त्यांना धर्माचा आधार आयता देणं आहे, आणि तो आधार त्यांनाच हवा असतो.

ज्या आरोपाला उत्तरच नाही

या आरोपाची खरी करामत त्याच्या रचनेत आहे. “मी हिंसेच्या विरोधात आहे,” म्हटलं तर तकिया. गप्प राहिलं तर मूक पाठिंबा. चिडलं तर खरं रूप बाहेर आलं. जो आरोप कुठल्याही पुराव्याने खोटा ठरूच शकत नाही, तो आरोप नसतो; तो आधीच लिहून ठेवलेला निकाल असतो.

असा निकाल कागदावर राहत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये आमच्याच जिल्ह्यात, मालवणात, भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याच्या वेळी देशविरोधी घोषणा दिल्याचा आरोप एका छोट्या व्यावसायिक कुटुंबावर झाला. तपास पूर्ण व्हायच्या आत, दुसऱ्याच दिवशी, नगरपरिषदेने दुकान पाडलं. कोणालाही नोटीस न देता बांधकाम पाडू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्येच दिलेला होता. प्रकरण न्यायालयाच्या अवमानाच्या याचिकेपर्यंत गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने नोटीस काढली. घोषणा दिली की नाही, हे तपासाने ठरायचं होतं. पण ज्याचं “नाही” आधीच खोटं धरलेलं आहे त्याच्यासाठी तपासाची वाट कोण पाहणार? शब्दाची किंमत गेली की नोटिशीचीही जाते.

आता आपल्याकडे वळू

इथपर्यंत वाचून जे मान डोलावत असतील त्यांनी पुढचंही वाचावं. आपल्याकडेही असाच एक शब्द आहे: मुनाफिक. मनात एक आणि तोंडावर एक असणाऱ्यासाठी कुराणाने हा शब्द वापरला. रानउंदरासारख्या एका प्राण्याच्या बिळाला असलेल्या चोरवाटेशी भाषापंडित तो जोडतात: एका तोंडाने आत, दुसऱ्याने पसार. कुराण मुनाफिकांना आगीच्या सर्वात खालच्या तळात ठेवतं. ज्या धर्मात दुटप्पीपणाला याहून कडक शब्द नाहीत, तो धर्म खोटं बोलायला शिकवतो, हे म्हणणं किती पोकळ आहे ते इथेच दिसतं.

पण आपण या शब्दाचं काय केलं? बहिणीच्या हक्काबद्दल बोलणारी मुलगी मुनाफिक. मौलानांना हिशेब विचारणारा तरुण मुनाफिक. 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा घेऊन तोंडी तलाकाविरुद्ध उभे राहिलेले चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई आपल्या समाजाने धर्मद्रोही ठरवले. त्यांचे सगळे विचार पटायलाच हवेत असं नाही. पण एका बैठकीतल्या तीन तलाकाला बेकायदा ठरवायला 22 ऑगस्ट 2017 उजाडावं लागलं, आणि तेही कोर्टात गेलेल्या बायकांमुळे, याचा जाब आपण कोणाकडे मागायचा?

मनात काय आहे ते मला दिसतं, असा दावा तकिया म्हणणारा करतो आणि मुनाफिक म्हणणाराही. उसामा बिन झैद यांची हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. लढाईत एका माणसाने कलमा पढला, तरी त्यांनी त्याला मारलं. भीतीने पढला असं त्यांचं म्हणणं. त्याचं हृदय चिरून पाहिलं होतंस का, असं पैगंबरांनी त्यांना पुन्हापुन्हा विचारलं. हा प्रश्न ‘अल तकिया’ लिहिणाऱ्याला विचारायचा असेल तर आधी आपल्या जमातीत विचारावा लागेल.

मन दिसत नाही, पण व्यवहार दिसतो. मुनाफिकाच्या हदीसमधल्या तीन खुणा व्यवहाराच्याच आहेत: बोलला तर खोटं, वचन दिलं तर मोडतो, ठेव सोपवली तर गिळतो. सूरह मुतफ्फिफीनची सुरुवातच मापात मारणाऱ्यांवर आहे. या कसोटीवर आपल्यातली लबाडी सहज सापडते. ‘इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी स्त्रीला वारसाहक्क दिला’ हे मराठी व्यासपीठावर टाळ्या घेणारं वाक्य. आणि तोच वक्ता घरी काजूची बाग, रस्त्याकडेची जागा भावांच्या नावावर राहावी म्हणून बहिणीला नोंदणी कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतो. कुराणाने दिलेला हिस्सा, कुराणाचंच नाव घेत काढून घेतलेला. याला बळजबरीची सवलत लागू नाही. यासाठी भाषेत साधा शब्द आहे: बेइमानी.

दोन भाषा, एकच बोलणं

तेव्हा माझं म्हणणं दोन बाजूंना दोन आहे.

ग्रुपवर ‘तकिया’ लिहिणाऱ्यांना: आम्ही रोज सकाळी निष्ठेची परीक्षा देणार नाही. आमच्यापैकी कोणी गुन्हा केला तर गुन्हा सांगा, पुरावा आणा, कोर्टात उभं करा. त्यात आम्ही तुमच्या बाजूने साक्ष देऊ. पण मनाची झडती घ्यायचा अधिकार तुम्हाला नाही. तो गोव्यात अडीचशे वर्षं कोणीतरी घेऊन पाहिला आणि त्याची सर्वात मोठी किंमत तुमच्याच पूर्वजांनी मोजली.

माझ्या वयाने लहान वाचकांना: गप्प बसू नका. निषेध वाटला तर लिहा, पण कोणाला खूश करायला लिहू नका. समोरचा मानो न मानो, मेलेल्या माणसाचा आपल्यावर हक्क असतो. आणि जे उर्दूत बोलाल तेच मराठीत बोला, जे जमातीत बोलाल तेच बाजारात. हे मासिक दोन भाषांत निघतं. दोन्हींत एकच मजकूर असावा, एवढी साधी कसोटी आपण स्वतःला लावू शकतो. त्यासाठी कोणाची मान्यता लागत नाही.

‘दगा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला, म्हणून दग्याचं नातं आमच्याशी जोडणारे काही विद्वान भेटतात. त्यांना सांगा, ‘जामीन’ही तिकडूनच आला, ‘करार’ही, ‘खात्री’ही. आणि कोकणातला म्हातारा शेतकरी, मग तो कुठल्याही धर्माचा असो, आपल्या आयुष्यभराच्या कष्टांबद्दल अभिमानाने जो शब्द वापरतो, तो इमान आणि इतबार या दोन अरबी शब्दांचा बनलेला आहे: इमानेइतबारे. तो शब्द मराठीने आपला मानला. आपण तो जगून दाखवायचा आहे, आणि सुरुवात घरातल्या बहिणीच्या सातबाऱ्यापासून करायची आहे.